आप्पांच्या वाट्याचा दगड

आमच्या आप्पांना कोणी स्वस्थ बसलेले पाहिले नव्हते. निपाणीत त्यांची तंबाखूची दलाली होती. या वखारीतून त्या वखारीत ते दिवसभर फिरत. जेवतानाही एक गुडघा उभा असे. गावाने त्यांचे नाव ‘भिंगरी’ ठेवले होते. त्यावर रागावण्याइतकाही वेळ ते थांबत नसत.

आई रोज सांजेला सोप्यात घोंगडे अंथरी आणि म्हणे, “बसा की वाईच.” आप्पा म्हणत, “आलोच.” ती तापाने जाईपर्यंत हेच चालले.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. आईलाही मळ्याच्या कडेला तसेच बसवले. वर दगड कसला घालावा हे ठरायचे राहिले, आणि आप्पांच्या पायांना नवे काम मिळाले. कोगनोळीला एका समाधीवरचा नंदी पाहून आले. म्हणाले, “लई मोठा. तिला भार व्हायचा.” पिंड नको झाली, कारण ती सगळ्यांवरच असते. मी मराठी शाळेत मास्तर होतो. काळा दगड की तांबडा, हे विचारायला ते शाळेच्या दारात येत आणि उत्तर ऐकण्यापूर्वी निघून जात. पावसाळा जवळ आला होता. दगडावाचून माती खचली असती. तरी निर्णय होईना.

शेवटी बेळगावच्या कॅम्पात गोऱ्यांच्या कबरीवरचा एक दगड त्यांच्या मनात भरला. सपाट, काळा, कडेने कोरलेली वेल. तो घडवणारा पाथरवट आम्ही शोधून काढला. त्याने विचारले, “बाई उंचीनं केवढ्या हुत्या?”

“माझ्या खांद्याला लागायची,” आप्पा म्हणाले आणि चालू लागले. पाथरवट आणखी काही विचारणार होता. मीही आप्पांच्या मागे धावलो. दोष माझाही आहे.

मृगाच्या तोंडावर दगड लॉरीतून मळ्यात आला. पाच फूट लांब. आमचे पुरोहित, जंगम, पाहतच राहिले. “आप्पा, आक्का खाली बसल्यात. तुम्ही त्यांना निजवताय व्हय?”

बायका पदराआड हसल्या. पाथरवटाने मान खाली घातली. “गोऱ्यांचं असंच असतंय, मालक. बाईंस्नी कसं ठेवलंय, इचारणार हुतो. तुम्ही थांबला न्हाईसा.”

आप्पांनी दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग काठीने मधोमध रेघ ओढली. “हितनं तोड.”

“अर्धा वाया जाईल.”

“न्हाय जायाचा. त्यो माझा.”

अर्धा दगड आईवर बसला. उरलेला आप्पांनी शेजारी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी वखारीत व्यापारी खोळंबला, म्हणून मी त्यांना बोलवायला मळ्यात गेलो. ते आपल्या दगडावर मांडी घालून बसले होते.

“व्यापारी वाट बघतोय,” मी म्हणालो.

“बघू दे. मी बसलोय.”

पुढे रोज सांजेला ते तेथेच असत. दिवसभराची वणवण मात्र सुटली नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांना आईशेजारी बसवले आणि त्यांचा दगड त्यांच्यावर ठेवला. तुटलेली वेल समोरासमोर आली, पण मध्ये हातभर माती राहिली. तोच पाथरवट, आता म्हातारा, मला म्हणाला, “मास्तर, सरकवून वेल जुळवू का?”

मी म्हणालो, “राहू दे. तेवढ्या अंतराची त्यांना सवय आहे.”