सीटवर कोणी नव्हतं, तरी ब्रेक दाबला जात होता

या सदरात लोक लिहितात ना, की 'माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण...' त्या 'पण'च्या पुढचं वाचायच्या आधीच मी खाली टर उडवून मोकळा व्हायचो. एका ताईंना तर मी 'जेवणात मीठ कमी करा' असा सल्ला दिला होता. त्या ताई हे वाचत असतील तर त्यांनी आता माझ्यावर सूड उगवून घ्यावा. माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. आज फक्त राग आहे. कोणावर, ते मात्र अजून नक्की होत नाहीये.

आम्ही भिवंडीजवळच्या पूर्ण्याचे. घराच्या तीन बाजूंना गोडाऊन, चौथ्या बाजूला रस्ता आणि रस्त्यावर कायम कंटेनर. अंगणात आमची जुनी फोर बाय फोर उभी असते. तिच्यावर माझा फार जीव. इतका, की तिला मी मेकॅनिकला हात लावू देत नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघतो, पाना घेतो आणि गाडी जास्त बिघडवून ठेवतो. एकदा वायपर दुरुस्त केला तेव्हापासून हॉर्न वाजत नाही. तर असो.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. माझा धाकटा भाऊ नितीन, त्याची बायको सुरेखा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. तिचं माहेर शहापूरच्या बाजूला, डोंगरावरच्या पाड्यात. शेवटचा चढ असा, की पावसात अॅम्ब्युलन्स खालीच थांबते. फोर बाय फोरच काय ती वर जाते. तारीख जवळ आली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तिला भिवंडीत आणायचं ठरलं. आणि गाडीचा ब्रेक पेडल दाबलं की लोण्यात पाय घातल्यासारखा खाली जात होता.

नितीन म्हणाला, वडप्याला मेकॅनिककडे टाकू. मी म्हणालो, ब्रेक ऑइल जुनं झालंय, मी बदलतो. इथूनच भांडण सुरू.

त्याने येताना वडप्याहून डॉट फोर ग्रेडच्या ब्रेक ऑइलची बाटली आणलेली. मी आधीच ऑनलाइन डॉट फाइव्ह मागवून ठेवलं होतं, छान जांभळ्या रंगाचं. माझं लॉजिक सोपं होतं... चारपेक्षा पाच मोठे. आता मला ठाऊक आहे की ते सिलिकॉनचं असतं, आमच्या गाडीला चालत नाही, जुन्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि ब्रेकची वाट लावतं. तेव्हा ठाऊक नव्हतं. नितीनलाही नव्हतं, पण त्याने निदान बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण वाचलं होतं.

"दादा, झाकनावर लिवलंय ना, डॉट फोर. तुना वाचता येतंय का न्हाय?"

मी म्हटलं, कंपनीवाल्यांनी ते जुन्या काळात लिहिलंय, आता त्याच्या पुढचं निघालंय.

"मग पायात आठ नंबरची चप्पल घालतोस ती सोड, नऊची घाल. पुढची हाय ती."

मला जे काय चढलं! त्याची बाटली त्याच्याकडेच फेकली आणि म्हटलं, तू फक्त सीटवर बस आणि सांगेन तेव्हा पेडल दाब. तोंड बंद ठेव. तो बसला. मी त्याला बसताना बघितलं, दार आपटताना ऐकलं, आणि मागच्या डाव्या चाकाखाली शिरलो.

ज्यांनी हे काम केलं नसेल त्यांना सांगतो. ब्रेकची लाइन रिकामी करून भरायची तर माणसं दोन लागतात. एक खाली, एक सीटवर. खालचा म्हणतो 'दाब'. वरचा पेडल दाबून धरतो आणि सांगतो 'धरला'. मग खालचा चाकामागचा निपल, म्हणजे ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, सैल करतो, जुनं काळं ऑइल नळीतून बाटलीत येतं, निपल परत बंद, आणि मग 'सोड'. बंद करायच्या आधी वरच्याने पाय उचलला तर लाइनमध्ये हवा शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणजे दोघांचं जमलं पाहिजे. आमचं तर बोलणं बंद.

मी म्हणालो, दाब. उत्तर नाही. पत्र्यावर नुसता आवाज आला... टक. म्हटलं, साहेब रुसलेत, तोंडाने बोलणार नाहीत. निपल उघडला, ऑइल आलं, बंद केला. सोड. पेडल सुटल्याचं कळलं. परत दाब. टक.

तालच बसला. आणि हात बिझी, तोंड मोकळं म्हटल्यावर मी बोलायला लागलो. काय काय बोललो! शिफ्टच्या नावाखाली घरचं एक काम करत नाहीस, आईला दवाखान्यात मीच नेतो, बायको तुझी आणि चिखलात पाठ माझी, बाप होणारेस पण अक्कल गुडघ्यात... मध्ये मध्ये 'दाब' आणि 'सोड'. वरून दर वेळी टक. एकदाही उलट उत्तर नाही. त्याचाच मला जास्त राग येत होता. नितीन आणि ऐकून घेतोय?

मध्ये बॉनेटकडून काहीतरी ओतल्यासारखा आवाज आला. वाटलं, हा उतरून डबी भरतोय. मी मागची दोन, मग पुढची दोन चाकं उरकली. शेवटच्या चाकाला नळीत नवं ऑइल दिसलं... फिकट पिवळं, स्वच्छ. जांभळं नव्हे!

म्हणजे या हरामखोराने माझी नजर चुकवून स्वतःचं डॉट फोर ओतलं. मी पाना घेऊन बाहेर आलो, दार उघडलं. सीट रिकामी.

आणि नितीन फाटकातून आत येत होता. हेल्मेटसकट.

तो मी चाकाखाली शिरल्या शिरल्याच उतरला होता; कंटेनरच्या घरघरीत मला ना दार ऐकू आलं ना बाइक. माझ्यासारख्या येड्याच्या हातात बायकोचा जीव द्यायचा नाही म्हणून थेट वडप्याला मेकॅनिक आणायला गेला, मेकॅनिक मिळाला नाही म्हणून परत आला. मी म्हटलं, खोटं बोलतोस. त्याने बाइकच्या डिकीतून त्याची बाटली काढून माझ्या छातीवर टेकवली. सील तसंच.

मग मी माझी बाटली शोधली. ती बॉनेटजवळ ठेवलेली, तिचंही सील तसंच. तेव्हा ध्यानात आलं की रागाच्या भरात मी डबीत काही ओतलंच नव्हतं. चार चाकांचं ऑइल काढलं आणि भरलं शून्य. डबी रिकामी होऊन लाइनमध्ये हवाच हवा जायला हवी होती. बॉनेट उघडलं तर डबी वरच्या खुणेपर्यंत भरलेली. फिकट पिवळं.

घरात आई एकटी, तिचे गुडघे दुखतात, ती ओटा उतरत नाही. नितीनला अजून वाटत होतं मी नाटक करतोय. तो मला ओढत समोरच्या गोडाऊनच्या वॉचमनकडे घेऊन गेला, कारण त्यांचा कॅमेरा आमच्या अंगणाकडे बघतो. वॉचमन उत्तर प्रदेशचा, सज्जन माणूस. त्याने रेकॉर्डिंग लावलं.

दिसलं ते असं. नितीन उतरतो, निघून जातो. गाडीखालून माझे पाय दिसतात. आणि मागचा ब्रेक लाइट लागतो, विझतो. लागतो, विझतो. बॉनेट भिंतीकडे असल्याने तिकडचं काही दिसत नाही. सीट दिसते. रिकामी.

वॉचमनने विचारलं, "भैया, नीचे लेटकर आप किससे झगड़ा कर रहे थे?"

मी म्हणालो, घरवालों से. दुसरं काय सांगणार?

नितीन म्हणाला, हे सगळं ऑइल काढ, माझ्यासमोर माझ्या बाटलीतलं भर. मी तयारही झालो. तेवढ्यात त्याच्या सासूचा फोन आला. सुरेखाच्या कळा सुरू झालेल्या.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही डोक्यात एकच... कोणी भरलेल्या ब्रेकवर जायचं? गोडाऊनच्या रस्त्यावर दोनदा जोरात दाबून बघितला. दगडासारखा घट्ट. निघालो.

वर गेलो ते ठीक, चढाला ब्रेक लागत नाही. उतारावर नितीन चालवत होता, सुरेखा आणि तिची आई मागे. चिखल, धो धो पाऊस, एका बाजूला दरी. गाडी खालच्या गिअरमध्ये होती, तरी दोन वळणांवर ब्रेकशिवाय इलाज नव्हता, आणि एका वळणावर तर समोर म्हशी बसलेल्या. नितीन देवाच्या पाया पडताना लाजणारा माणूस. पण पेडलवर पाय ठेवायच्या आधी दर वेळी पुटपुटत होता, "धर बाबा, धर." आणि ब्रेक धरत होता. म्हशींच्या शिंगांपाशी गाडी अशी थांबली, की सुरेखाच्या पोटाला हिसका बसला नाही.

संध्याकाळी भिवंडीत मुलगी झाली. दोघी सुखरूप. नितीन रडला, मी रडलो, आणि लगेच पुन्हा भांडलो, कारण तो मला म्हणाला, बघ, तुझ्या भरवशावर राहिलो असतो तर. ते खरं आहे म्हणूनच इतकं झोंबलं.

आता तुम्ही कमेंटमध्ये लिहाल, पितर होते, क्षेत्रपाल होता, गाडीचा आत्मा होता. कृपा करून लिहू नका. जे कोणी होतं त्याला भरायचं योग्य ऑइल ठाऊक होतं, पण 'मी नितीन नाही' एवढे तीन शब्द बोलता येत नव्हते? माझ्या तोंडची सगळी घाण मुकाट ऐकून घेतली. ते मला सहन होत नाही.

आणि खरी पंचाईत आता आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, दोन वर्षांनी बदलायलाच हवं, मग ते कोणीही भरलेलं असो. पेडल पुन्हा जरा मऊ लागतंय. त्याच गाडीत पुतणी पुढे बसते. नितीन म्हणतो, त्या ऑइलला हात लावायचा न्हाय. मेकॅनिककडे न्यायची म्हटलं तर चावी लपवतो. डॉट फोरची नवी बाटली आणून मी आठवडाभर भांडतोय. सीटवर बसायला तो तयार नाही, माझी बायको तर अंगणातही येत नाही.

काल मी एकटाच पाना घेऊन खाली शिरलो. नळी लावली. आणि 'दाब' म्हणायला तोंड उघडलं ते तसंच मिटलं. गुपचूप बाहेर आलो, हात धुतले. ब्रेक अजून मऊच आहे.

मला खात्री होती, म्हटलं असतं तर दाबला गेला असता.