मनगटावरचा थेंब

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी. — न विचारताही सांगतो. भिवपुरीला घरामागच्या पडवीत पांढऱ्या काकाकुव्यांची जोडी पाळली, तीही पुस्तकं वाचून. मादीने दोन पिल्लांना भरवणं सोडलं तेव्हा पिल्लं मी हाताने भरवायला घेतली. खोक्यात बल्ब लावला, थर्मामीटर आणला, वही केली. वहीत प्रत्येक भरवणीची वेळ, तापमान, भरवणाऱ्याचं नाव.

मी साजगावला कंपनीत गेलो की दुपारी आई भरवायची. पिल्लांच्या त्या पातळ पिठाला ती खिमटच म्हणायची. थर्मामीटरला हात लावायची नाही. सिरिंजमधला एक थेंब मनगटावर, जरा थांबायची, मग चोचीत. 'तुला भरवताना कुठं होती रं ही काचेची नळी?' म्हणायची. मी हसायचो. कसं हसायचो, ते नका विचारू.

एका सकाळी मला उशीर झाला. खिमट गार पडलेलं — मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं, ढवळलंसुद्धा नाही. धाकटं पिल्लू चिरकलं, मान मागे घेतली. मी चोच धरून सिरिंज रिकामी केली. मग उरलेल्यात थर्मामीटर बुडवला. बावन्न. चाळीसच्या वर द्यायचं नसतं. वहीत मात्र खरं लिहिलं — शिकलेला माणूस ना मी! बावन्न, पुढे माझं नाव.

भाजलेलं लगेच दिसत नाही. पाच-सहा दिवसांनी गळ्याखाली, अन्न साठतं तिथे, काळी खपली धरली. ती गळून भोक पडलं. मी कंपनीतून परतलो तेव्हा आई भरवत होती आणि भरवलेलं तिच्याच ओंजळीत गळत होतं. तिने घाबरून हाक मारली. मी पाहिलं, आणि — इथे थांबावंसं वाटतंय — ओरडलो, 'उकळतं पाजलंस याला?'

'नाय रं, मी तर मनगटावर —'

मी वही आणली. आईला वाचता येत नाही. माझ्याच नावावर बोट ठेवून मी म्हणालो, 'हे बघ. बावन्न. आणि हे तुझं नाव.'

थर्मामीटर कोणी लावला होता, एवढंही तिने विचारलं नाही. मी वाचलं म्हणजे तसंच असणार. किती वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग मनगट पदराला पुसलं — जणू तिथे काही लागलं होतं.

पिल्लू दोन दिवसांनी मेलं. तिनेच शेवग्याखाली पुरलं. माती लोटताना त्याच्याशी बोलत होती, 'माज्या हातनं झालं रं बाळा.' मी दारात उभा राहून ऐकलं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं, नाही का? मी आत जाऊन चहा टाकला.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं उष्टावण झालं. मामाने पहिला घास दिला, मग बायकोने खिरीची वाटी आईपुढे केली. आईने दोन्ही हात मागे घेतले. 'नको गं. माज्या हाताला गरम कळत नाय.' पाहुणे हसले. त्यांना थट्टा वाटली.

वही कपाटात आहे. ते पानही आहे.

मी वाटी घेतली. एक थेंब माझ्या मनगटावर टाकला, जरा थांबलो, मुलीला भरवलं. आई कौतुकाने सगळ्यांना म्हणाली, 'बघा, शिकलेल्याला सगळं येतं.'

मी खीर भरवत राहिलो.