गोल कोपऱ्यांच्या गोळ्या

काका, म्हणजे आत्याचा नवरा, गेल्यापासून आत्या घरच्या संडासात पाय टाकत नव्हती. दीड महिना बादली घेऊन शेजारणीकडे.

आत्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईचे सुटे धागे कापते. बावीस वर्षं झाली. गळ्यात नाडी, नाडीला कात्री. आईमागे मला तिनेच वाढवलं. मी शाळा सोडली तेव्हा एक थोबाडीत ठेवून दिली आणि लगेच ताट वाढलं. तिला कोणी बोललं तर मी ऐकून घेत नाही. आणि शेजारीण बोलली, "भुताला राहायला संडासच सापडला होय?"

आमचा संडास तुंबला होता. पाणी टाकलं की वर चढायचं, मग उतरताना आतून कोणीतरी खाकरल्यासारखा आवाज. काका रोज सकाळी आत बसून अगदी तसंच खाकरायचे. मलाही काटा यायचा, खोटं कशाला बोलू?

"रागावलेत माझ्यावर," आत्या म्हणायची.

काकांना ब्लडप्रेशर. गोळी घेतली की ट्रक चालवताना डोळे मिटतात, ही त्यांची रोजची कुरकुर. आत्या पाकिटातली एकेक गोळी चांदीच्या वेष्टनासकट कापायची, टोचू नये म्हणून कोपरे गोल करायची आणि चहाच्या बशीत ठेवायची. स्वतः पाकीट शोधतील ते काका कसले! दुसऱ्या एका भाचीच्या बाळंतपणाला ती दोन दिवस गेली आणि गोळ्या कापून ठेवायच्या विसरली. तिसऱ्या दिवशी काका गेले.

"मीच मारलं गं त्यांना." बस, एवढंच. ताटातलं निम्मं तसंच राहायचं.

रविवारी मी कंबर कसली. रबरी पंप मारून मारून हात गळाले. गरम पाणी ओतलं. ढिम्म! शेवटी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि तो कोपरापर्यंत आत घातला. वळणावर बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. तेवढ्यात अगदी हाताखाली तो आवाज, खर्रर्र. माझी बोबडीच वळली. तरी ओढलं.

केसांच्या गुंत्यात चांदीचे तुकडे. मूठभर. धुऊन पाहिले. गोळ्या आतच, एकही फोडलेली नाही.

लपवावं असं क्षणभर वाटलं. गेलेल्या माणसाची लबाडी कशाला उघडी पाडायची? पण जिवंत माणूस माझं होतं.

"हे काय गं?"

"तुझीच कात्री. बघ."

तिने कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. फिरवतच राहिली.

"म्हणजे, मी घरी असतानासुद्धा?"

"रोज, आत्या."

"तरी म्हटलं, चहा झाला की हा माणूस लगेच तिकडे का पळतो!" हसायला लागली, त्यातच रडू फुटलं. मग जाऊन संडासाच्या दारावर थाडकन हात मारला. "लबाड! मला पापाची धनी करून गेलात!"

बादली भरून ओतली. पाणी सर्रकन गेलं. आवाज नाही. दुसरी ओतली. तिसरी. कान देऊन उभी राहिली.

"गप्प झाले गं," ती म्हणाली.

मग आत गेली, दार लावून घेतलं. मी बाहेर नळाखाली हात घासत होते. जरा वेळाने आतून खाकरणं आलं. अगदी काकांसारखं.

तिचंच असणार.