अकराव्या दिवसाची सही

वडिलांचं चिकलठाण्याला छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीला लागून एक लांब टेबल. शिकायला आलेला माणूस दोन-तीन वर्षांनी अनुभवाचं पत्र मागायचा, तेव्हा वडील त्याच्या हातात लोखंडाचा ओबडधोबड तुकडा आणि कानस द्यायचे. हातानं घासून चौकोन करायचा. झाला की त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, लावून ते खिडकीसमोर धरायचे. फटीतून उजेड आला की म्हणायचे, "उजेड दिसतोय. घास अजून." उजेड दिसेनासा झाला की घरी येऊन मला सांगायचे, "लिही."

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुंडलिकनगरच्या घरी बसून मी ती पत्रं इंग्रजीत लिहायचे. कोणत्या यंत्रावर, कधीपासून कधीपर्यंत, कोणाच्या हाताखाली. वडील मला ती मराठीत सांगायला लावायचे आणि एखादा शब्द जास्त झाला तर खोडायला लावायचे. "येतं तेवढंच लिही. तिकडं हात चालला नाय तर माझं तोंड काळं." मग मराठीत सही करायचे. असं पत्र घेऊन गेलेला एक जण आज परदेशात लेथ चालवतो.

वडील गेले, आणि दहाव्याला माझा आतेभाऊ त्याच देशातून आला. तो तिथं दोन वर्षं यंत्रकाम शिकला होता. निदान कागदावर तरी. "कॉलेज म्हणजे दोन खोल्या अन् एक कॉफी मशीन," असं तोच हसून सांगायचा. शिक्षण संपल्यावर तिथं राहून काम करायचा व्हिसा मिळतो, पण कारागिरी शिकलेल्यांना आधी कौशल्याची तपासणी पार करावी लागते. तिला त्याच कामाचा खरा अनुभव लागतो. मालकाचं पत्र, पगाराच्या पावत्या, यंत्रावरचे फोटो. यानं ती वर्षं हॉटेलात भांडी विसळण्यात आणि गोदामात खोकी उचलण्यात काढली होती. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते लपवून माझ्या वडिलांकडून अनुभव उचलायचा त्याचा बेत होता, आणि त्याची मला शिसारी आली.

दहाव्याला हर्सूलला तलावाकाठी पिंड ठेवले. कावळा शिवेना. ऊन चढलं, माणसं चुळबुळायला लागली. जो तो वडिलांना शब्द देऊ लागला. आईकडे बघू, वर्कशॉप नीट चालवू. कावळा बाभळीवर बसून राहिला. तेवढ्यात आत्या पुढं झाली. वडिलांची धाकटी बहीण. पदर डोळ्याला लावून मोठ्यानं म्हणाली, "दादा, भाच्याची काळजी नको करू. तुझी लेक त्याचं पत्र करून देईल. जा आता निवांत."

कावळा उतरला आणि भाताला चोच लावून उडाला.

"शिवला! बघ माय, जीव त्यातच अडकला व्हता," आत्या माझा हात धरून म्हणाली. चाळीस माणसांनी मान हलवली. माझ्या वडिलांचा, म्हणजे तिच्या भावाचा, जीव व्हिसासाठी अडकला होता, हे सगळ्यांना एकदम पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मायलेक घरी आले. मी म्हटलं, "आत्या, तो वर्कशॉपात एक दिवस तरी कामाला होता का?"

"गाडीचं स्टँड वेल्डिंग करायला गेला नव्हता का? चांगला तासभर उभा व्हता."

"उभा होता."

"तू लई शिकलीस म्हणून असं बोलती. एक कागद तर मागतोय. शब्द गेलाय दादाला, कावळा साक्ष आहे."

आतेभाऊ फोनमध्ये बघत म्हणाला, "ताई, तू सही नको करू. क्रांती चौकातले एजंट सर बघतात ते. फक्त लेटरहेड दे, अन् किल्ली."

मी सही करणार नाही म्हणाले. आणि मग म्हणाले, "लेटरहेड ड्रॉवरमध्ये आहेत. किल्ली खिळ्याला." मला ती माणसं घरातून जायला हवी होती. तेवढ्यासाठी मी ते दिलं.

वर्कशॉपचा जुना मिस्त्री दुपारी फोनवर म्हणाला, "ताई, त्यानं नवा बॉयलर सूट घालून फोटो काढले. जॉब पकडायचा चक आवळतात ती चावी चकातच ठेवून. मशीन सुरू झालं तर ती चावी गोळीसारखी तोंडावर येती. दादांनी कानाखाली दिली असती." मग म्हणाला, "लेथ मीच पुसून दिला. मागं चांगला दिसावा म्हणून."

संध्याकाळी आतेभावानं पत्राची प्रत पाठवली. सोबत निरोप, "वरचा नंबर मामांचा आहे ना, फोन आला तर एवढं वाचून ठेव." चार वर्षांचा अनुभव. दोन्ही लेथवर स्वतंत्रपणे काम. खाली वडिलांची सही, इंग्रजीत, शेपूट काढलेली. त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती तशी. तारीख त्याच दिवसाची. एजंटला ताजं पत्र हवं होतं, आणि मालक वारला आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तलावाकाठी दादा दादा म्हणून रडलेली आत्या त्याच्यासमोर दोन तास बसली होती.

महिन्याभरानं वडिलांच्या फोनवर, तो आता माझ्याकडे असायचा, परदेशातल्या तपासणी कार्यालयातून फोन आला. मी वाचनालयात होते. बाईचा आवाज शांत होता. पत्र तुमच्याकडचंच का? सही करणाऱ्यांशी बोलता येईल का? माझ्या तोंडात "हो" तयार होतं. ते किती सोपं होतं, याची मला आजही किळस येते. मी म्हणाले, "ते माझे वडील. या तारखेच्या दहा दिवस आधी ते वारले." ती दुःख झालं म्हणाली आणि आभार मानून तिनं फोन ठेवला.

आत्या माझ्याशी बोलत नाही. मेलेल्याचा शब्द मोडला, असं ती नात्यात सांगते. ते मी सहन केलं असतं. पण गेल्या आठवड्यात त्या जुन्या शिकाऊ पोराचा फोन आला, परदेशात लेथ चालवणाऱ्याचा. त्याच्या पुढच्या व्हिसासाठी पुन्हा तपासणी सुरू होती. "ताई, दादांचं पत्र धरत नाहीत म्हणतात. त्या वर्कशॉपच्या कागदावर शंका आहे, दुसरा पुरावा आणा. काय झालं ओ?"

मी त्याला सगळं सांगितलं. लेटरहेड ड्रॉवरमध्ये आहेत हे कोणी सांगितलं, तेही. थोड्या वेळानं त्यानं एक फोटो पाठवला. लोखंडी चौकोन, त्याला गुण्या लावलेला, मागं परक्या घराची खिडकी. त्यानं तो चौकोन इतकी वर्षं जपला होता.

मी फोटो मोठा करून पाहिला. फटीतून उजेड कुठंही येत नव्हता. हे आता कोणाला लिहून कळवायचं आणि खाली सही कोणाची घ्यायची, ते मला माहीत नाही.