दीवच्या समुद्रावर चावीवाला

अंबरनाथात शिवमंदिराच्या आसपास जी माणसं आज धुतल्यासारखी दिसतात, ती आमच्या चावीवाल्यामुळे. ज्याला हे पटत नसेल त्याने पटवून घ्यावं. पस्तीसेक वर्षं हा आमच्या भागात नळाचं पाणी सोडायचा. कमरेएवढी लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून यायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, वाकून चावी फिरवायचा आणि मग गल्लीत शिरून "पाणी आलंऽऽ" असा ओरडायचा की झोपलेलं पोरही दचकून बादली शोधायला लागावं. पाऊण तास म्हणजे पाऊण तास. एकदा नगरसेवकाच्या बायकोचं एक पिंप भरायचं राहिलं म्हणून तिने हात जोडले, तर हा म्हणाला, "ताई, उद्या पिंप लवकर लावा." घरीही तोच कायदा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, डोक्याला शिकेकाई चोपडून बसल्या असताना याने चौकातून पाणी बंद केलं होतं. त्या दिवशी त्याला जेवायला माझ्याकडे यावं लागलं.

मुलीच्या लग्नात तर कहर केला. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू झालेली आणि मुलीचा बाप गायब. सगळे हॉलभर शोधतायत. मी सरळ मागच्या रस्त्यावर गेलो. तिथे हा नव्या सफारीत, डोक्याला फेटा, खड्ड्यात वाकलेला. म्हटलं, "अरे, मुलीचं लग्न लागतंय!" मान वर न करता म्हणाला, "लग्न आपल्या एका घरात आहे. पाणी दोन गल्ल्यांना द्यायचंय." शेवटच्या अक्षता टाकायला मात्र पोचला, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन.

तीच मुलगी, मंदा, आता दीवला असते. नवऱ्याचं तिथे पाच-सहा खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. वहिनी गेल्या, हा निवृत्त होऊन घरात एकटा राहिला, तशी तिने धोशा लावला की बाबा, इकडेच या कायमचे. दोन वर्षं याने टाळलं. गेल्या थंडीत शेवटी म्हणाला, "आठ दिवस राहून बघतो. आवडलं तर राहीन, नाही तर परत. पण हा सोबत आला तरच." 'हा' म्हणजे मी. मी लगेच हो म्हटलं, त्यात माझा मतलब होता. रोज संध्याकाळी ज्याच्याशी भांडायचं तोच निघून गेला, तर मी काय भिंतीशी भांडू? माझा हिशोब सोपा होता. बेटावर नळ नाही, गल्ली नाही, ओरडायला माणूस नाही. तीन दिवसांत कंटाळेल आणि मी त्याला जसा नेला तसा परत आणीन.

समुद्रावर घालायला म्हणून आम्ही उल्हासनगरात अर्ध्या चड्ड्या घ्यायला गेलो. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, ये पहनो तो उमर पच्चीस साल कम!" हा म्हणाला, "फिर पेन्शन बंद हो जाएगा." आणि पांढरी सोडून दिली, मळकट रंगाची घेतली.

मंदाच्या घरामागून पायवाटेने गेलं की एक लहानसा किनारा लागतो. वाटेत ताडाची झाडं, पण त्यांना फांद्या! ताडाला फांद्या फुटलेल्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. हा थांबला, वर बघून म्हणाला, "कनेक्शनं वाढवलीत." किनाऱ्यावर एक उपडी होडी, एक कुत्रं, बाकी कोणी नाही. लाट येते, फुटते, जाते, तेवढाच आवाज. मी मनातून खूश. म्हटलं, "बघ, आहे काय इथे?" त्याचं लक्षच नव्हतं. तो पाण्याकडे संशयाने बघत होता.

"हे सोडतं कोण?"

"देव."

"मग बंद करायला वेळेवर येत नाही वाटतं."

त्याने पाणी चढलं तिथे काठी रोवली आणि घड्याळ बघितलं. सव्वादहा. दुसऱ्या दिवशी पाणी तिथवर यायला अकरा वाजून पाच मिनिटं झाली. हा संतापला. "पन्नास मिनिटं लेट! मी असं केलं असतं तर बायकांनी मला पिंपात कोंबला असता." तिसऱ्या दिवशी बाराला पाच कमी. मी म्हटलं, "बेशिस्त कारभार आहे. चल घरी." चौथ्या दिवशी काठीजवळ बसून त्याने बोटांवर हिशोब केला आणि त्याचा चेहराच बदलला. "लेट नाही रे हा. रोज तेवढाच पुढे सरकतो. याला टाइमटेबल आहे!" नातू झाल्यावरही तो इतका हसला नव्हता.

मग व्हायचं ते झालं. पाचव्या दिवशी एक गुजराती जोडपं वाळूत चपला काढून लांब फिरायला निघालं. हा उठला आणि गल्लीत ओरडायचा तसा ओरडला, "पाणी येतंयऽऽ! चपला उचला!" त्यांना मराठी कळलं नाही, पण घाबरून उचलल्या. दहा मिनिटांत तिथे पाणी. दुसऱ्या दिवशी ती बाई पुडीत गाठिया घेऊन हजर. "काका, आजे केटला वाग्ये?" याने छाती फुगवून वेळ सांगितली. आठवडा संपेपर्यंत गेस्ट हाऊसमधले सगळे पाहुणे आधी त्याला विचारून मगच किनाऱ्यावर जायला लागले. माझा हिशोब चुकत चालला.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघंच वाळूवर बसलो होतो. पाणी दूर गेलं होतं. तो म्हणाला, "तू सांग. राहू का?"

इतक्या वर्षांत त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. 'चल घरी' हे दोन शब्द माझ्या अगदी दातांपर्यंत आले होते. पण मी म्हणालो, "मला काय विचारतोस? राहायचं तर राहा. माझं काही अडत नाही."

"नाही ना अडत?"

"नाही म्हटलं ना!"

त्याने चड्डीवरची वाळू झटकली. मग म्हणाला, "मग राहतो." सकाळी बसस्टँडवर त्याने माझी पिशवी खिडकीतून आत दिली. मंदा पाया पडली आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाला असतात तर बाबा आले असते." मी म्हटलं, "गाडी सुटेल, बाजूला हो."

तो रोज फोन करतो. भांडतो आम्ही, अगदी जोरात. पण फोनवरचं भांडण लवकर संपतं. फोन ठेवला की ठेवला. इथे असताना तसं नव्हतं. तो "चाललो" म्हणून उठायचा, चपला घालायचा आणि माझ्या दारात अजून अर्धा तास भांडत उभा राहायचा.