भातातला बिल्ला

आमच्या मावसाजींनी मला आयुष्यात जेवढे धक्के दिले तेवढे गोंदियाच्या रस्त्यांनीही दिले नाहीत, आणि रस्त्यांनी काही कसर ठेवली असं मी म्हणणार नाही. माझ्या धाकट्या मावशीचे हे यजमान. जन्मभर धानाची दलाली केली, कोणाचं वाकडं केलं नाही, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण नाद लागला तो इंग्रजांच्या बिल्ल्यांचा! राज्यारोहणाचे, दिल्ली दरबाराचे, पहिल्या महायुद्धाचे. राजाचं तोंड कोरलेला बिल्ला कुठे आहे असं कानावर आलं, की हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठायचा. पोराच्या हळदीच्या दिवशी सोनाराचा फोन आला, मोडीत एक बिल्ला आलाय म्हणून. मावसाजी तोंडाला हळद फासलेली, तसेच स्कूटरवर बसले आणि भर बाजारातून गेले. सोनाराच्या नोकराला वाटलं कावीळ झाली. इकडे मांडवात नवरदेवाचा बाप कुठाय म्हणून हाकाटी, आणि उत्तर द्यायला मी!

हे बिल्ले आमच्याकडे कपाटात सापडत नाहीत, गळ्यात सापडतात. कोणाचा तरी आजा लढाईवरून घेऊन आलेला असतो. आजी त्याला कडी लावून चांदीच्या कलदार रुपयांच्या माळेत ओवते, आणि पुढे दृष्ट लागू नये म्हणून तो नातवंडांच्या काळ्या दोऱ्यात जातो. त्यामुळे मावसाजी लग्नाला गेले की नवरा-नवरी पाहत नसत, गळे पाहत. सडक अर्जुनीच्या एका लग्नात मी वळून बघते तो काय, एका अनोळखी बाईच्या कडेवरच्या लेकराच्या छातीशी भिंग लावून उभे! लेकरू पळवणारा आला म्हणून अर्धा मांडव गोळा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावसाजी मात्र गर्दीला शांतपणे सांगत होते, "लेकरू तुमचंच हाये जी. मले फक्त काठ पाहू द्या."

काठाचं असं आहे, की लढाईच्या बिल्ल्यावर शिपायाचं नाव काठावर ठोकलेलं असतं. मावसाजींचा आजा पहिल्या महायुद्धात खच्चरं हाकायला गेला होता आणि जिवंत परतला होता. त्याचा चांदीचा बिल्ला मावसाजींच्या बापानं बैलजोडीपायी विकला. आज्याचा ना फोटो, ना कुठे सही. बिल्ल्याच्या काठावर जे नाव असेल तेवढंच. तो कधीच वितळला असेल, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण ऐकेल तो मावसाजी कसला! कोणी हिणवलं, की म्हातारा इंग्रजांच्या राजाले पुजते, तर म्हणत, "राजा तं सगळ्यांवर एकच हाये. माणूस काठावर रायते."

आणि गेल्या वर्षी तो सापडला. खोटं वाटेल, मलाही वाटलं. एका म्हातारीची माळ सोनाराकडे मोडीला आली होती, तिच्यात होता, काठावर आज्याचं नाव. मावसाजी घरी आले आणि मूठ छातीशी धरून पडवीत बसले. मला वाटलं छातीत दुखतंय. मावशी पाणी घेऊन आली तेव्हा त्यांनी मूठ उघडली. "भेटला व," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

आता तो ठेवायचा कुठे? मावसाजींचं ठाम मत, की जुना तांदूळ ओल पिऊन घेतो, म्हणून चांदी तांदळातच ठेवावी. घरातला प्रत्येक डबा कोणत्या ना कोणत्या राजाला दिलेला होता. मावशी म्हणायची, या घरात तांदूळ कमी आन राजे जास्त. आज्याच्या बिल्ल्याला अर्थातच सगळ्यात भारी जागा मिळाली: जुना चिन्नोर तांदूळ, सणासुदीचा, वासाचा.

त्याच महिन्यात माझ्या मावसबहिणीला, म्हणजे मावसाजींच्या पोरीला, पाहायला तिरोड्याचे पाहुणे आले. मुलगा पोरीनं स्वतः पसंत केलेला, पण त्याचा बाप महाफटकळ. एक सोयरीक म्हणे त्यानं वरण पातळ होतं म्हणून मोडली होती. घरात सगळ्यांचा जीव मुठीत. स्वयंपाकाला शेजारीण आलेली. तिनं पाहुण्यांसाठी सगळ्यात चांगला तांदूळ काढला आणि घाईघाईत डबाच आधणात पालथा केला. मी वाढत होते. भाताचं पातेलं तळाशी गेलं, होणाऱ्या व्याह्यांनी अजून थोडा मागितला, आणि त्यांच्या ताटात खण्णकन राजा पडला.

दारात उभी असलेली पोरगी पांढरीफटक. व्याह्यांनी तो उचलला, दुपट्ट्याला पुसला, राजाचं तोंड पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. सोयरीक पक्की करताना आमच्याकडे मुलाकडच्यांच्या हातात कलदार ठेवायची चाल आहे. त्यांना वाटलं, हा तोच. "वा जी, तुम्ही तं भातातूनच शब्द दिला," म्हणाले. "माह्याकडून पक्कं." बिल्ला कपाळाला लावून त्यांनी खिशात टाकला.

मावसाजींचा हात पुढे गेलेला मी पाहिला. परक्या लेकराच्या गळ्याला भिडणारा तो हात व्याह्यांच्या खिशापासून वीतभर अंतरावर थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं, पोरीकडे. मग तोच हात तुपाच्या वाटीकडे वळला. "तूप घ्या जी," म्हणाले.

लग्न थाटात झालं. दिवाळीला मी मावसाजींसोबत तिरोड्याला गेले. व्याह्यांनी कौतुकानं देवघर दाखवलं. तिथे तो बिल्ला पालथा मांडलेला, मागच्या बाजूला कोरलेला घोडेस्वार वर. त्या उघड्याबंब स्वाराला कोणता तरी देव समजून रोज हळदकुंकू चढत होतं. बिल्ल्याला नुसतं बोट लावलं तरी वसकन अंगावर येणारा माणूस आता काय करतो म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. मावसाजींनी वाकून काठावरून अंगठा फिरवला, नमस्कार केला आणि चहा मागितला.

परतताना माझा तोल सुटलाच. म्हटलं, सगळं आयुष्य ज्याच्यापायी घातलं तो तिथे कुंकवात बुडालाय. आता सोयरीक झाली, पोरगी रुळली, सांगून मागून घ्या ना! जीभ काय झडते का तुमची?



"राहू दे बाई," म्हणाले. "पोरगी नव्या घरी एकटी चालली होती. पणजा सोबत गेला तिच्या."