भावजी आणि डावीकडे पळणारा पट्टा

जगातली एकूण एक वस्तू वाकडी आहे आणि ती सरळ करायलाच देवाने आपल्याला जन्माला घातलंय, असं मनापासून मानणारा माझ्या पाहण्यातला एकमेव माणूस म्हणजे आमचे भावजी, माझ्या ताईचे यजमान. एकोणीसशे साठच्या दशकात ते म्युनिकला इंजिनिअर होते आणि मी तिथेच, संशोधनाच्या नावाखाली, दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असे. ते जेवण सोपं नव्हतं. मिठापासून आमटीच्या वाटीपर्यंत सगळं पान आखल्यासारखं मांडून झाल्याशिवाय भावजी पहिला घास घेत नसत, आणि तोवर आमटी गार. घरमालकिणीच्या तसबिरी त्यांनी इतक्यांदा सरळ केल्या, की बिचारीने त्या उतरवूनच ठेवल्या. एका कचेरीत पासपोर्टावर शिक्का तिरपा पडला, तर "बिट्टे, तेवढा सरळ मारून द्या," म्हणाले. कारकुनाने त्यांना पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं केलं. ताईने तर हातच टेकले होते.

अशा माणसाच्या तावडीत डोंगरावरच्या आजोबांची बर्फगाडी सापडली. हे आजोबा बवेरियातल्या एका खेड्याच्या वर, स्की करायला येणाऱ्यांना सूप-ब्रेड देणारी लाकडी झोपडी चालवत. उजवा पाय युद्धात जायबंदी झालेला, म्हणून खालून सामान आणायला त्यांनी कुठूनशी ही गाडी मिळवली होती. पुढे दोन स्की, मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा. तो पट्टा सारखा डावीकडे पळे आणि कडेने सोलून निघे. गाडी अडली की सामान अडे, आणि सामान अडलं तर झोपडी दुसऱ्याला देऊ, असं गावाने आजोबांना बजावलं होतं. म्हाताऱ्याला दुसरं घर नव्हतं.

भावजींनी पाच रविवार त्या गाडीवर ओवाळून टाकले. मागची बाजू लाकडी घोडीवर चढवायची, इंजिन चालू करायचं आणि बर्फात पालथं पडून पट्ट्याच्या दोन्ही कडांची फट मोजायची. मग डावा बोल्ट पाव फेरा आवळायचा, पुन्हा मोजायचं. गाडी घोडीवरून सरकू नये म्हणून मी बधिर बोटांनी दोरी धरून उभा. "आल्झो, बघ! दोन्हीकडे अगदी सारखं. गेनाऊ, तंतोतंत!" भावजी म्हणत. मग स्वतः बसून, ताठ मानेने चक्कर मारून येत. गाडी नाकासमोर चाले. पुढच्या रविवारी जाऊन पाहावं तर पट्टा पुन्हा कुरतडलेला! मला अक्षरशः रडू येई.

सहाव्या रविवारी वैतागून मी म्हटलं, "भावजी, आज आजोबांनाच बसू द्या ना." त्यांना त्रास नको म्हणून आजवर भावजीच चालवून बघत. आजोबा बसले. वजन भावजींच्या दुप्पट, आणि अधू पायामुळे सगळा भार डाव्या कुल्ल्यावर. डावीकडच्या स्प्रिंगा एकदम खाली दबल्या. पट्टा डावीकडे पळायचं कारण हेच होतं.

"मग डावीकडे जाड स्प्रिंग घाला, आणि तो बोल्ट थोडा जास्तच आवळा," मी म्हणालो.

"मुद्दाम वाकडं करू? मला आठवडाभर विचार करू दे रे."

त्या आठवड्यातच भर चढावर पट्टा तुटला. तीन दिवस वर सामान पोचलं नाही, आणि झोपडी गेली.

आजोबा लुडविग्सहाफेनला लेकीकडे निघाले, तेव्हा आम्ही स्टेशनवर गेलो होतो. त्यांनी भावजींचा हात हातात घेऊन किती वेळ आभार मानले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. गाडी सुटल्यावर भावजी बाकावर बसले. "पाच रविवार मी फटी मोजल्या," ते म्हणाले, "पण 'आजोबा, पाय दुखतो का हो?' एवढं काही विचारलं नाही."

त्यांना इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तोवर मी त्यांची नुसती थट्टाच करत आलो होतो. त्या बाकावर मला त्यांची फार माया वाटली, आणि ती बोलून दाखवायचं मात्र माझ्याच्यानं कधी झालं नाही.